दहा रुपयांचा घोडा



वसंत व्याख्यानमालेच्या पंगतीत संतवाङ्मय, इतिहास आणि राजकारण हे नेहमीचे मानकरी. त्या पंगतीत लिलाव हा विषय थोडा आगंतुक वाटेल. पण ज्या गावच्या मार्केट यार्डात हिवाळाभर कांद्याच्या पिशव्यांच्या थप्प्यांभोवती बोलीचा गलबला चालतो, ज्या गावात गल्लोगल्ली भिशी लागते, आणि बँकांच्या जप्त मालमत्तेच्या नोटिसा वाचल्याशिवाय ज्या गावाचे वर्तमानपत्र वाचून होत नाही, त्या सोलापुरात लिलावाला परके कोण म्हणणार? शब्द तेवढा परका आहे. तो पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि इतका घरचा झाला की त्याच्या कुळाची चौकशी आता कोणी करीत नाही.

आम्हांला आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो असा. एका गृहस्थाने आपली वस्तू इंटरनेटवर लिलावाला लावली. आरंभीची बोली त्याने मुद्दामच फार खाली ठेवली. स्वस्त दिसले की गर्दी जमेल, चढाओढ लागेल, भाव आपोआप वर जाईल, असा त्याचा होरा. गर्दी जमलीच नाही. मुदत संपली तेव्हा सर्वांत वरची बोली वस्तूच्या खऱ्या किमतीच्या चौथाईचीही नव्हती. आता हा गृहस्थ म्हणतो, "या भावाला मी देणार नाही." त्याला असे म्हणता येते काय?

पुष्कळांचे उत्तर तयार असते. वस्तू त्याची, मर्जी त्याची; न देईना का! हा प्रश्न दूरदेशीच्या श्रीमंतांचा आहे, असेही कोणी समजू नये. आपल्या देशात २००० साली 'बाझी' नावाची लिलावाची पेढी इंटरनेटवर उघडली, २००४ मध्ये ती अमेरिकेच्या 'ईबे'ने विकत घेतली, आणि २०१८ मध्ये ईबेचे ते भारतीय दुकान बंद झाले. दुकान बंद झाले तरी हौस बंद झाली नाही. जुनी नाणी, टपालाची तिकिटे यांचे लिलाव आता व्हॉट्सअॅपच्या गटांत रात्री दहापर्यंत रंगतात. तिथेही सर्वांत मोठे भांडण हेच असते. दहा वाजतात, बोली कमी राहते, आणि विकणारा एकाएकी गप्प होतो, नाहीतर "नाणे सापडत नाही" म्हणतो. इतकी वर्षे सापडणारे नाणे नेमके त्याच रात्री हरवते.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. पण काही कायदे सामान्य माणसानेही वाचावेत इतके सुबोध आहेत. १८७२ चा करार कायदा त्यांपैकी एक. त्याच्या पंचविसाव्या कलमाखाली उदाहरणे दिली आहेत आणि त्यांत एक घोडा आहे. 'अ' नावाचा मनुष्य हजार रुपये किमतीचा घोडा दहा रुपयांना विकण्याचे कबूल करतो. त्याची संमती मोकळ्या मनाने दिलेली आहे. मोबदला अपुरा आहे म्हणून हा करार मोडतो काय? कायदा म्हणतो, मोडत नाही. तो करारच आहे. अकलूजच्या घोडेबाजारात ज्यांनी व्यवहार पाहिले आहेत त्यांना हे ऐकून हसू येईल, कारण हजाराचा घोडा दहाला देणारा 'अ' तिथे आजवर कोणाला भेटला नसेल. पण कायदा करणाऱ्यांनी टोकाचे उदाहरण मुद्दाम घेतले. किंमत ठरविणे हे न्यायालयाचे काम नाही, ते देणाऱ्या-घेणाऱ्याचे काम आहे, एवढे त्यांना सांगावयाचे होते. त्याच कायद्याचे विसावे कलम आणखी एक वाट बुजवून टाकते. वस्तूच्या किमतीविषयी झालेला चुकीचा समज ही वस्तुस्थितीविषयीची चूक मानली जाणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे "मला वाटले होते जास्त येतील" ही तक्रार कायद्याच्या दारात उभी राहू शकत नाही.

या घोड्याचे लगेच पुढे दुसरेही एक उदाहरण आहे. त्याच्याकडे आम्ही अखेरीस वळणार आहोत; तोवर घोडा खुंटाला बांधून ठेवू.

आता लिलावाचा खास कायदा. १९३० चा मालविक्रीचा कायदा, कलम ६४. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा आपटून, किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या एखाद्या रीतीने, विक्री झाल्याचे जाहीर केले की विक्री पुरी झाली. तोपर्यंत बोली बोलणाराला आपली बोली मागे घेता येते. बोली हा केवळ प्रस्ताव असल्यामुळे तो स्वीकारला जाईपर्यंत विकणाराही मोकळाच असतो. हे एक गोष्ट झाली. याच कलमाने विकणाराला आणखी दोन सोयी दिल्या आहेत. एक म्हणजे राखीव किंमत: इतक्याच्या खाली देणार नाही, हे त्याला आधी जाहीर करता येते. दुसरी म्हणजे स्वतः बोली बोलण्याचा हक्क, पण तोही आधी उघडपणे राखून ठेवला असेल तरच. न सांगता स्वतः बोलला, किंवा भाव चढवावयाला आपला माणूस गर्दीत उभा केला, तर घेणाराला तो व्यवहार मोडता येतो.

मंडळी, या कलमाची रचना जरा निरखून पाहा. घरात शिरावयाच्या आधीचे सारे दरवाजे विकणाराच्या हातात ठेवले आहेत. राखीव किंमत लाव, स्वतःची बोली राख, आरंभाची बोली उंच ठेव, वाटले तर लिलावच करू नको. हातोडा पडल्यानंतरचा दरवाजा मात्र एकही ठेवलेला नाही. आणि हे रास्तच आहे. राखीव किंमत लावली की गिऱ्हाईक बिचकते, हे विकणाराला पक्के ठाऊक असते; म्हणून तर तो ती लावीत नाही! "एक रुपयापासून सुरू" हे शब्द म्हणजे त्याने टाकलेले आमिष. त्या आमिषावर पन्नास लोक आले असते आणि दामदुप्पट भाव झाला असता, तर त्याने वरचा पैसा परत केला असता काय? फायद्याचे पान आपल्या ताटात आणि तोट्याचे दुसऱ्याच्या, असे जेवण कोणत्याही पंगतीत चालत नाही.

कोणी विचारील की इंटरनेटवर हातोडा कुठे असतो? तिथे घड्याळ असते. मुदत संपताच सर्वांत वरची बोली जिंकेल, अशा अटीवर ज्याने लिलाव मांडला, त्याच्या बाबतीत घड्याळाचा काटा हाच हातोडा, असे आमचे मत आहे. 'रूढ असलेली दुसरी रीत' हे शब्द कायद्यात उगाच घातलेले नाहीत. कागद नाही, सही नाही, म्हणून करार नाही, हीही सबब आता उरलेली नाही. करार संगणकाच्या मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो अमान्य ठरणार नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०अ या कलमाने सांगून ठेवले आहे.

मुदत संपण्यापूर्वीच लिलाव गुंडाळला तर? इथे आपले कलम थोडे मुके आहे. राखीव किंमत लावता येते असे ते सांगते. 'राखीव किंमत नाही' असे गर्जून सांगितल्यावर विकणारा बांधला जातो की नाही, यावर ते बोलत नाही. म्हणून जरा बाहेर डोकावू.

इंग्लंडमध्ये २००० साली एका खटल्याचा निकाल लागला. मोटारींची इंजिने तपासण्याची दोन कोरी यंत्रे लिलावात होती. एकेकाची किंमत चौदा हजार पौंडांच्या घरात. लिलाव राखीव किमतीशिवाय होता. पुकारणाराने पाच हजार मागितले, कोणी बोलेना; तीन हजार मागितले, तरी सामसूम. शेवटी एका गृहस्थाने प्रत्येकी दोनशे पौंडांची बोली केली. पुकारणाराने यंत्रे मागे घेतली आणि नंतर दुसऱ्या कोणाला प्रत्येकी साडेसातशेला विकली. न्यायालयाने पुकारणारालाच जबाबदार धरले. राखीव किंमत नाही असे सांगून ज्याने लोक जमवले, त्याने सर्वांत वरच्या बोलीला वस्तू देण्याचे वचन दिलेलेच आहे, असे ठरले, आणि त्या दोनशेवाल्याला २७,६०० पौंडांची भरपाई मिळाली.

जर्मनीतले प्रकरण तर हुबेहूब आपल्या प्रश्नाचे आहे. एका इसमाने आपली जुनी पसाट मोटार ईबेवर दहा दिवसांच्या लिलावाला लावली; आरंभाची बोली एक युरो. एकाने लागलीच तेवढी बोली केली आणि आपली कमाल मर्यादा ५५५ युरो ५५ सेंट अशी नोंदवून ठेवली. काही तासांतच मोटारवाल्याला बाहेर ४,२०० युरो देणारा गिऱ्हाईक भेटला. त्याने लिलाव बंद करून टाकला. त्या क्षणी मैदानात बोली होती एकच, एका युरोची! घेणारा न्यायालयात गेला. मोटारीची किंमत ५,२५० युरो, त्यातला आपला एक युरो वजा करून ५,२४९ द्या, अशी त्याची मागणी. खालपासून वरपर्यंत सगळ्या न्यायालयांनी ती मान्य केली. देशाच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१४ रोजी निकाल देताना सांगितले ते एवढेच, की आरंभाची बोली एक युरो ठेवून, किमान किंमत न लावता लिलाव मांडण्याची जोखीम विकणाराने स्वतः पत्करली होती, आणि कारण नसताना लिलाव तोडून ती त्याने स्वतःच आपल्या अंगावर ओढून घेतली.

दोन वर्षांनी त्याच न्यायालयापुढे आणखी गमतीचे प्रकरण आले. एका गोल्फ मोटारीच्या लिलावात विकणारा दुसऱ्या नावाने स्वतःच बोली वाढवीत होता. त्याच्या खोट्या बोल्या वजा केल्यावर खरी स्पर्धा उरली दीड युरोची. न्यायालयाने दीड युरोचाच भाव धरला आणि विकणाराला साडेसोळा हजार युरो भरावयास लावले. आपल्या १९३० च्या कलमात गर्दीत आपला माणूस उभा करण्याविषयी जे लिहिले आहे, त्याचाच हा सख्खा भाऊ.

इतके ऐकल्यावर तुमच्यापैकी काहींच्या मनात विकणाराविषयी करुणा उपजली असेल. "एवढे कठोर होऊ नये, एखाद्या गरिबाकडून दहा हजारांच्या जागी दहा रुपये लिहिले गेले तर?" ही शंका योग्य आहे. लिहिण्यातली चूक आणि नंतरचा पश्चात्ताप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्या मते त्या ओळखणे फारसे अवघड नाही. ज्याची खरोखर चूक झाली तो पहिल्या बोलीलाच ओरडून सांगतो. ज्याला पश्चात्ताप झाला तो मुदत संपेपर्यंत वाट पाहतो. आणि तुटणाऱ्या लिलावांवर टपून बसणारे, भरपाईवरच पोट भरणारे काही शिकारी तिकडे निघाले आहेत हेही खरे. तो न्यायालयांनी प्रकरण पाहून निवडावयाचा खडा आहे. त्यासाठी नियमच फेकून देण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे. तो असा: "सरकार आणि नगरपालिका प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी 'कोणतेही कारण न देता कोणतीही बोली नाकारण्याचा हक्क राखून ठेवला आहे' असे छापतात. त्यांना चालते ते आम्हांला का नाही?" चालते ना! जाहिरातीच्या तळाशी, म्हणजे आधी, तसे छापा, आणि मग खुशाल नाकारा. सर्वांत वरची बोली केली एवढ्यानेच बोलणाराला हक्क प्राप्त होत नाही, बोली मंजूर व्हावी लागते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लिलावांविषयी अनेकदा म्हटले आहे. पण तिथे मंजुरीची पायरी सगळ्यांना आगाऊ माहीत असते आणि प्रश्न लोकांच्या तिजोरीचा असतो. बँकाही जप्त घर विकताना राखीव किंमत ठळक अक्षरांत छापतात. आमचा वाद नाकारण्याशी नाही. न सांगता राखून ठेवलेल्या नकाराशी आहे.

या बाबतीत आपली भिशी जर्मन न्यायालयाला शिकवील अशी आहे. लिलावाची भिशी कशी चालते ते इथल्या भगिनींना सांगावयास नको. वीस जणींचे पैसे जमतात, ज्या बाईला निकड असते ती जास्तीत जास्त सूट सोडून रक्कम उचलते, आणि सोडलेली सूट बाकीच्यांत वाटली जाते. एखाद्या महिन्यात निकड एकीलाच असते. ती नाममात्र सूट सोडते आणि जवळजवळ पुरी रक्कम घेऊन जाते. बाकीच्यांच्या पदरात त्या महिन्यात काहीच पडत नाही. "या महिन्याची बोली रद्द करू" असे म्हणताना आम्ही तरी कोणाला ऐकले नाही. तिथे ना कलम ६४, ना न्यायाधीश. पुढच्या महिन्यात याच एकोणीस जणींत बसावयाचे आहे, एवढे पुरते. इंटरनेटच्या लिलावात पुढच्या महिन्यात पुन्हा समोर बसावयाचे नसते, हेच त्यातले मोठे व्यंग आहे; आणि म्हणूनच तिथे वचन पाळून घेण्याची व्यवस्था बाहेरून करावी लागते.

आता खुंटाला बांधलेला घोडा सोडू. पंचविसाव्या कलमाखालचे पुढचे उदाहरण असे आहे: घोडा तोच, किंमत हजार, सौदा दहाचा. पण या वेळी 'अ' म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती. मग मात्र, ती मोकळी होती की नाही हे ठरविताना, किंमत इतकी अपुरी होती ही गोष्ट न्यायालयाने लक्षात घ्यावी. दोन घोडे एकाच किमतीचे. फरक फक्त संमतीचा.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत आपल्या सोलापूरचे नाव देशभर गाजले ते एका धनादेशामुळे. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सुमारे सत्तर किलोमीटरवरून दहा पिशव्या कांदा इथल्या बाजारात आणला. वजन भरले ५१२ किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. पट्टी झाली ५१२ रुपयांची. त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले. उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे, आणि हातात आला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. बोभाटा झाल्यावर बाजार समितीने त्या व्यापाऱ्याचा परवाना पंधरा दिवसांसाठी स्थगित केला. माल हलक्या प्रतीचा होता, असे व्यापाऱ्याचे म्हणणे. असेलही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. या लिलावात विकणारा बोलीला जागला. आरंभाची बोली खाली ठेवण्याचे आमिष त्याने दाखविले नव्हते, राखीव किंमत लपविली नव्हती, गर्दीत आपला माणूस उभा केला नव्हता. आणि गंमत अशी की भाव पटला नाही तर माल न देण्याची मुभा बाजारात विकणाराला असते. म्हणजे घरबसल्या नाणे विकणारा, जो बांधलेला आहे, तो शब्द फिरवितो. आणि हा, जो मोकळा आहे, तो दोन रुपये घेऊन गावी परततो. का? कारण कांदा परत न्यावयाचा तर गाडीभाडे पुन्हा. इथेच ठेवावा तर जागा हवी, राखण हवी, आणि ओला कांदा काही धीर धरीत नाही. उद्या भाव चढेल याची हमी कोणी देत नाही. न्यायालयाच्या व्याख्येत ही संमती मोकळीच ठरेल, कारण त्याचा हात कोणी पिरगाळला नव्हता. पण कायद्याने दोन घोडे वेगळे का बांधले, हे त्या पट्टीकडे पाहिल्यावर अधिक चांगले समजते.

हे सुधारण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची पद्धत जुन्या लोकांनी पाहिली असेल; शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला कळत नसे. १८८६ मध्ये वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता बाजाराचा कायदा झाला, आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यापासून उघड लिलाव हा आपल्या बाजार समित्यांचा कणा ठरला. रुमाल गेला, भाव ऐकू येऊ लागला. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने 'ई-नाम' ही बाजारांना संगणकाने जोडणारी व्यवस्था सुरू केली. तीत बोल्यांची मुदत संपली की सर्वांत वरचा भाव शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो, आणि तो त्याने स्वीकारावा किंवा नाकारावा अशी सोय आहे. जर्मनीतल्या मोटारवाल्याला जी मोकळीक न्यायालयाने नाकारली, ती इथे विकणाराला नियमानेच देऊ केली आहे. यात विसंगती नाही. ही मोकळीक घेणारालाही बोली लावण्यापूर्वीच ठाऊक असते, म्हणून तिच्यात फसवणूक नाही.

पण ती वापरता यावयाची तर नाकारल्या कांद्याला रात्रभर छप्पर पाहिजे, दुसऱ्या दिवशीच्या फेरीपर्यंतची हमाली कोणी सोसावयाची ते ठरलेले पाहिजे, आणि परतीच्या गाडीचा हिशोब विकणाराच्या एकट्याच्या माथी येता कामा नये. या तीन गोष्टींपैकी आपल्या यार्डात कोणती किती आहे, हे आमच्यापेक्षा या सभागृहातील आडते, हमाल आणि शेतकरी मंडळी जास्त जाणतात. अध्यक्षांची परवानगी असेल तर प्रश्नोत्तरांचा वेळ आम्ही त्यांच्यासाठीच सोडतो. पहिल्या रांगेत मार्केट यार्डाची मंडळी बसलेली दिसतात, त्यांच्यापासून सुरुवात व्हावी.